खुर्द्यात गेलेली माणसं

शनिवार पेठ, पुणे

प्रिय सोनू,



अमेरिकेतल्या रिचमंडच्या ग्रंथालयासाठी तू जुनी पत्रं हस्ताक्षरातून उतरवून देतेस, हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला. माझं मोडीचं वेड तुझ्याकडे असं दुसऱ्याच लिपीतून आलं. तू पाठवलेल्या त्या शिपायाच्या पत्राची हकिकत सावकाश वाचली. पायमोजे पाठव, धाकटीचा खोकला कमी झाला का, मका वेळेवर काढून घ्या, आणि मग त्याच ओघात, आपल्याकडच्या अमक्या पोराला नव्या वर्षात भाड्याने देऊन टाक, पैसे हातात येतील. सोबत नेलेला नोकर स्वयंपाक बरा करतो, तेवढी काळजी नको. पुढे पुन्हा मुलांचे पापे.

तुझा प्रश्न असा, की लेकीच्या खोकल्याने झोप उडालेला बाप दुसऱ्याच्या लेकराला भाड्याने द्यायला कसं सांगतो? आणि त्याहून खोलवरचा दुसरा: आत्या, उतरवता उतरवता मला हा माणूस आवडायला लागला होता, त्याचं मी काय करू?

उत्तर लिहायला उशीर झाला. तुला पटकन धीर देणारं काहीतरी लिहिता आलं असतं, पण ते खरं झालं नसतं. खरं उत्तर द्यायचं तर मला आपल्या घरापासून, या पेठेपासून सुरुवात करावी लागते.

आधी तुझ्या शिपायाबद्दल. 1861 ते 1865 या काळातल्या अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेकडून लढलेले सगळेच काही गुलामांचे मालक नव्हते. पण ते ज्या राज्यांसाठी लढले त्या राज्यांचं म्हणणं काय होतं, यात संशयाला जागा नाही. त्यांचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीव्हन्स यांनी मार्च 1861 मध्ये सव्हाना शहरात जाहीर भाषणात सांगितलं, की गोऱ्या आणि काळ्या माणसांची विषमता आणि काळ्यांची गुलामी हाच आमच्या नव्या सरकारचा पाया आहे. 1860 च्या शिरगणतीत अमेरिकेत जवळजवळ 40 लाख गुलाम होते. ज्याला परवडत होतं त्याने घरचा एखादा गुलाम छावणीत नेला. पाणी आणणं, चूल पेटवणं, कपडे धुणं, घोड्याचा खरारा, धनी पडला तर त्याचं प्रेत शोधणं, ही कामं त्याची. 1862 मध्ये तर कायदाच झाला, की ज्या मळ्यावर 20 गुलाम आहेत तिथला एक गोरा पुरुष सक्तीच्या भरतीतून सुटेल. माणसांना धाकात ठेवायला घरी कुणीतरी हवं ना! जिथे पुरुष मागे राहिला नाही तिथे तो धाक बायकोच्या हाती आला, आणि नवऱ्याची पत्रं म्हणजे तिला मिळालेल्या सूचना झाल्या. कुणाला शेतावर ठेव, कुणाला भाड्याने दे, कुणावर नजर ठेव. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी माणसं वर्षाच्या कराराने भाड्याने लावण्याची तिकडे रीतच होती.

म्हणजे त्या पत्रात माया एका बाजूला आणि गुलामगिरी दुसऱ्या बाजूला, असं नाही. पत्र लिहायला तो निवांत बसू शकला, कारण त्याच्यासाठी दुसरा कुणी लाकडं फोडत होता. बायकोने मुलांना जे खाऊ घातलं ते त्या भाड्याने दिलेल्या पोराच्या पैशातून. त्याच्या मायेला खायला घालणारी माणसं पत्रात आहेत, पण त्यांना कुणी पत्र लिहिलेलं नाही. अशा गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणं हा दक्षिणेतल्या अनेक राज्यांत गुन्हा होता.

आता इकडे ये.

तुला लहानपणी मी पानिपतची पत्रं वाचून दाखवायचे, आठवतं? विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड 1898 साली छापला, त्यात 1750 ते 1761 या काळातली पत्रं आहेत. मी मोडी शिकले ती त्या पत्रांच्या ओढीने. मराठी फौजेचे सेनापती भाऊसाहेब मार्च 1760 मध्ये पटदूरहून निघाले. ऑगस्टच्या सुरुवातीला दिल्ली हाती आली, पण खजिना रिकामा. लाल किल्ल्यातलं चांदीचं छत उतरवून त्याचे रुपये पाडावे लागले. ऑक्टोबरात कुंजपुरा घेतला. मग अफगाणांचा अब्दाली बागपतजवळ यमुना उतरला, आणि नोव्हेंबरपासून मराठी फौज पानिपतात अडकली. धान्य नाही, वैरण नाही, पैसा नाही. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि रसद पोचवण्याचा मोठा आधार तुटला. 14 जानेवारी 1761, लढाईचा दिवस. पुढचं तू शाळेतच पाठ केलंस.

नाना फडणीस तेव्हा एकोणीस वर्षांचेही नव्हते. आई आणि बायको दोघी त्यांच्याबरोबर तिथे होत्या. पराभवानंतर अंगावरचे कपडे टाकून, लंगोटी लावून, रानोमाळ चालत ते कसे वाचले ते त्यांनी आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे. बायको सुखरूप आली. आई परत आली नाही. पुण्याच्या कारभाराचा पुढच्या कित्येक वर्षांचा इतिहास ज्याच्या नावाने सांगतात, तो माणूस पानिपतच्या वाटेवर आईला शोधणारा पोरगा होता. त्या ओळींशी आले की मला अजून थांबावं लागतं.

आणि ती बातमी! नानासाहेब पेशवे कुमक घेऊन उत्तरेकडे निघाले होते, तेव्हा वाटेत सावकारी सांकेतिक भाषेतली ती चिठ्ठी त्यांच्या हाती आली, ती कथा महाराष्ट्रात कुणाला माहीत नाही? दोन मोती गेले, सत्तावीस मोहरा गेल्या, आणि चांदीच्या-तांब्याच्या खुर्द्याची गणतीच नाही. मोती म्हणजे भाऊ आणि पेशव्यांचा मुलगा विश्वासराव. मोहरा म्हणजे सरदार. सहा महिन्यांच्या आत, 23 जून 1761 ला, नानासाहेब पर्वतीवर वारले.

सोनू, आपण पिढ्यान्‌पिढ्या मोत्यांसाठी रडलो. मोहरांची नावं रस्त्यांना, चौकांना दिली. खुर्द्यात कोण होतं?

त्यात साधे शिपाई होते, तीर्थयात्रेला म्हणून फौजेच्या आसऱ्याने निघालेली माणसं होती, व्यापारी होते. आणि ज्यांना कुणी ‘येता का’ असं विचारलंच नव्हतं अशाही होत्या. कुणबिणी, बटकी, पोरगे. त्या काळच्या कागदांत कुणबीण म्हणजे धन्याच्या मालकीची बाई. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई फौजेबरोबर होत्या, अनेक सरदारांची कुटुंबं होती. अशा बायका शेकडो कोस जायच्या तर त्यांच्याबरोबर दळणारी, कांडणारी, पाणी भरणारी, मूल सांभाळणारी माणसं जायचीच, आणि त्यातल्या कितीतरी जणी विकत घेतलेल्या किंवा मोहिमेत पकडून आणलेल्या असायच्या. लढणाऱ्यांपेक्षा न लढणारे जास्त झाले, त्या बाजारबुणग्यांना पोसता पोसता फौज उपाशी मेली, म्हणून पानिपत झालं, असं आपण अजून सहज बोलून जातो. गणपतीत मांडवात बसून असं बोलणारे कितीतरी भले लोक मी ऐकले आहेत. जी बाई धन्याच्या हुकमाने पटदूरपासून पानिपतापर्यंत डोक्यावर बोजा घेऊन चालली, जिला परत फिरायची मुभा नव्हती, तिच्याच माथी आपण पराभवही मारला. मला हे फार क्रूर वाटतं.

पराभवानंतर अफगाणांनी हजारो मराठी बायका-मुलं कैद करून गुलाम म्हणून नेली. त्यातल्या पुष्कळ जणींना अब्दालीच्या परतीच्या वाटेवर पंजाबात शिखांनी सोडवलं. बलुचिस्तानात डेरा बुगटीकडे स्वतःला मराठा म्हणवणारे लोक आजही आहेत, आपण पानिपतच्या कैद्यांचे वंशज अशी त्यांच्यात समजूत आहे, आणि त्यांचे पूर्वज पिढ्यान्‌पिढ्या तिथल्या टोळ्यांचे गुलाम होते असं सांगतात. त्यांच्याविषयीची बातमी आली की आपल्याकडे केवढी हळहळ होते. व्हायलाच हवी. पण काबूलच्या बाजारात विकली गेलेली मराठी बाई आणि कर्नाटकच्या मोहिमेतून पकडून पुण्याला आणलेली कानडी बाई, यांच्या आकांतात मला फरक करता येत नाही.

पुण्यात या बायका कुठे होत्या? सगळीकडे. पेशव्यांच्या पागेत शेण काढायला, वैरण टाकायला. कोठीत दळायला. किल्ल्यांवरच्या अंबारखान्यात धान्य कांडायला. सरदारांच्या, सावकारांच्या, बऱ्या स्थितीतल्या ब्राह्मणांच्या घरात. गणेश चिमणाजी वाड यांनी पेशव्यांच्या रोजनिशीतले उतारे निवडले, ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला छापले गेले. सरदेसायांनी 1930 च्या दशकात पेशवे दफ्तराचे 45 खंड काढले. या छापील कागदांतही कुणबिणी जागोजाग भेटतात. सुमित गुहा या इतिहासकारांनी अठराव्या शतकातल्या पश्चिम भारतातल्या गुलामगिरीवर 2006 मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला, तो मिळवून अवश्य वाच. तुझ्या कामाला उपयोग होईल.

या बायका येत कशा? काही लढायांतून. काही दुष्काळात, पोटासाठी आईबापांनी विकलेल्या. काहींची विक्री व्यापाऱ्यांनी केलेली, आणि त्या व्यवहारावर सरकार जकातही घेई. आणि काही शिक्षा म्हणून. परपुरुषाशी संबंध ठेवल्याचा आरोप शाबीत झाला की बाईला सरकारजमा करून एखाद्या कारखान्यात किंवा गडावर कामाला लावत. पुरुषाला बहुधा दंड भरून सुटता येई. सरकार चाकराला खूश होऊन कुणबीण बक्षीस देई. कुणी तिची सुटका मागितली तर मोबदल्यात रुपये किंवा बदली दुसरी कुणबीण मागितली जाई. म्हणजे एकीच्या सुटकेसाठी दुसरी बांधली जायची. तिला मूल झालं तर तेही धन्याचंच. धन्यापासून झालेल्या मुलांना लेकावळे म्हणत. त्यांची वेगळी पायरी असे, घरात असूनही पंगतीबाहेर.

आणखी एक गोष्ट आहे, ती मला सगळ्यात जास्त छळते. ब्राह्मणाच्या घरी पाणी भरायला बाई हवी तर तिची जात चालणारी हवी. म्हणून विकताना तिची जात सांगितली जाई, कधी खोटी सांगितली जाई, आणि मागाहून ती अस्पृश्य निघाली तर मोठा गहजब होई, आणि घरादाराला प्रायश्चित्त घ्यावं लागे. बाटल्याची चौकशी झाली ती विकत घेणाऱ्याच्या घराची. आईपासून तोडून, खोटं नाव-जात चिकटवून आणलेल्या त्या पोरीवर अन्याय झाला, ही गोष्ट कुणाला चौकशीची वाटली नाही.

आपले पूर्वज पेशव्यांच्या फडात कारकून होते, हे तू पाळण्यात असल्यापासून ऐकते आहेस. ते अभिमानाने सांगणाऱ्यांत मीही आहे. त्यांनी कुणबीण ठेवली होती का, याचा कागद आपल्याकडे नाही. पण ज्या फडात ते बसत, तिथल्या हिशेबात कुणबिणींचं धान्य, कुणबिणींची लुगडी, कुणबिणींची किंमत रोज लिहिली जात होती. आपल्या घरातल्या कुणीतरी बोरू कानामागे ठेवून ती जमाखर्चात घातली असणार. हे मी तुझ्यापासून लपवणार नाही.

तू इथे असताना आपण कितीदा शनिवारवाड्यात गेलो! वाड्याचा पाया बाजीरावांनी 10 जानेवारी 1730 ला घातला, दोन वर्षांनी वास्तुशांत झाली. पाच दरवाजे आहेत: दिल्ली, मस्तानी, खिडकी, गणेश आणि जांभूळ. दिल्ली दरवाज्यासमोर फोटो काढायला गर्दी असते. जांभूळ दरवाज्याने नाटकशाळांची आणि बटक्यांची ये-जा असे, असं सांगतात. त्याला नारायण दरवाजा हेही नाव आहे, कारण 30 ऑगस्ट 1773 ला नारायणराव पेशव्यांचा वाड्यातच गारद्यांनी खून केला तेव्हा त्यांचं शव त्या दरवाज्याने बाहेर नेलं. पुण्याच्या पेशव्याची शेवटची वाट बटक्यांच्या दरवाज्याने गेली, आणि मग दरवाज्याला नाव मिळालं ते त्याचं.

त्या दुपारची गोष्ट तुला तोंडपाठ आहे. नारायणरावांनी काकांना मारलेली मिठी, मारेकरी सुमेरसिंग आणि तुळाजी. धन्याच्या अंगावर पडून मेलेला चापाजी टिळेकर, त्याचंही नाव आपल्याला ठाऊक आहे, आणि ठाऊक असावंच. पण त्या अर्ध्या तासात वाड्यात अकरा माणसं मारली गेली. त्यांत दोन दासी होत्या. एक गायही मारली गेली, आणि त्या गायीचा उल्लेख गोहत्येच्या पातकामुळे पुन्हा पुन्हा होतो. दोन दासींची नावं मी शोधते आहे. वाड्यावर रात्री ऐकू येणाऱ्या किंकाळीच्या कथा सांगून लोक पोरांना घाबरवतात. त्या कथेतही किंकाळी एकट्या नारायणरावांचीच. ज्या दोघी त्या दुपारी त्याच फरशीवर ओरडल्या असतील, त्यांना भूत होण्याचाही मान मिळाला नाही.

मी हे बोलले की आपल्या नात्यातले, परिचयातले लोक चिडतात. म्हणतात, आपल्याकडे कुठे अमेरिकेसारखे मळे होते? आपल्याकडे कुणबिणीला घरच्यासारखं वागवत. यातला पहिला भाग बरोबर आहे, आणि तो तूही नीट लक्षात ठेव. पेशवाईतली गुलामगिरी कातडीच्या रंगावर उभी नव्हती. ऊस-कापसाच्या मळ्यांवर हजारो माणसं राबवून परदेशी माल पाठवणारं ते यंत्र नव्हतं. गुलामांत बायका जास्त होत्या, आणि घरकाम, पागा, कोठी हीच त्यांची कामाची ठिकाणं होती. कालांतराने काहींची मुलं एखाद्या जातीच्या कडेला सामावूनही गेली. या दोन गोष्टी एकच आहेत असं मी म्हणत नाही, आणि तू तिथल्या मैत्रिणींना सांगताना तसं म्हणू नकोस.

पण ‘घरच्यासारखं वागवत’ हे वाक्य तुझ्या शिपायाच्या बायकोनेही म्हटलं असतं. तिकडे युद्धानंतर कितीतरी वर्षं मळेवाल्यांच्या लेकी-सुना तेच लिहीत राहिल्या. घरच्या माणसाला विकत नाहीत. तिच्या बदली दुसरी मागत नाहीत.

‘तो काळच तसा होता’ हे दुसरं उत्तर. तेही मला मान्य नाही, कारण त्या काळाआधीही आपल्याच माणसांना हे खुपलं होतं. 1677 साली दक्षिण दिग्विजयात शिवाजी महाराजांनी डच व्यापाऱ्यांना कौल दिला, त्यात आपल्या मुलखात बायापुरुषांची गुलाम म्हणून खरेदी-विक्री करायला मनाई केली. आधीच्या राजवटीत ती चालत होती, आता चालणार नाही, अशा अर्थाची ती समज होती. आणि सभासदाच्या बखरीत महाराजांच्या लष्कराचे जे नियम आहेत त्यांत फौजेत बायको, बटीक, कलावंतीण नेऊ नये, शत्रूच्या मुलखात बायकापोरं धरू नयेत, असं स्पष्ट आहे. म्हणजे पानिपतच्या ऐंशी-पंचाऐंशी वर्षं आधी मराठी राज्याला ही वाट ठाऊक होती. पुढच्यांनी ती सोडली. काळाच्या अंगावर टाकून मोकळं होता येत नाही. माणसांनी निवड केली.

कायद्याने हे संपलं ते इंग्रजांच्या अमलात. 1843 च्या पाचव्या कायद्याने कोर्टाने गुलामावरचा मालकी हक्क मान्य करायचं बंद केलं, आणि 1 जानेवारी 1862 पासून दंड संहिता लागू झाली तेव्हा माणूस गुलाम म्हणून विकणं-घेणं गुन्हा ठरलं. तुझा शिपाई बहुधा त्याच हिवाळ्यात पोराला भाड्याने देण्याविषयी घरी लिहीत असेल.

त्याच्या युद्धाने इकडे काय झालं तेही सांगते, तुझ्या त्या कागदांना आपल्याशी जोडणारा तो एक धागा आहे. अमेरिकेचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाड-खानदेशच्या काळ्या जमिनीतल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर आला, शेअरांचा सट्टा माजला, आणि 1865 मध्ये युद्ध संपताच सगळं कोसळलं. गुलामांनी पिकवलेल्या कापसाची जागा आपल्या कुणब्यांच्या कापसाने भरली होती. रिचमंडच्या छावणीत बसून तो शिपाई लिहीत होता तेव्हा अकोल्या-अमरावतीकडच्या एखाद्या शेतकऱ्याच्या घरी त्याच्या युद्धामुळे दागिना घडत होता.

आणि मग पुण्यातल्या ज्या माणसाने तिकडच्या आणि इकडच्या या दोन गोष्टी समोरासमोर ठेवल्या, ते जोतीराव फुले. पेशवाई बुडाल्यावर नऊ वर्षांनी त्यांचा जन्म. त्यांच्या घराण्याला फुले हे नाव पडलं ते पेशव्यांना फुलं पुरवण्यावरून. 1848 मध्ये बुधवार पेठेत भिडेवाड्यात त्यांनी मुलींची शाळा काढली. शनिवारवाड्यापासून ती जागा चालत काही मिनिटांवर आहे. 1873 साली त्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक प्रसिद्ध केलं आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या लोकांना, काळ्या माणसांना गुलामीतून सोडवण्यासाठी त्यांनी जो त्याग केला त्याबद्दल. आपल्या देशबांधवांनी शूद्रातिशूद्रांना मोकळं करताना त्यांचा कित्ता गिरवावा, ही आशा त्या अर्पणपत्रिकेत आहे. विचार कर, त्या वेळी अमेरिकेत गुलामगिरी बंद करणारी घटनादुरुस्ती होऊन आठ वर्षंही झाली नव्हती, आणि पुण्यातल्या एका माळ्याच्या मुलाने तिकडच्या यादवीचा अर्थ बरोबर ओळखला होता. ती कुणाच्या शौर्याची किंवा कुणाच्या मायेच्या पत्रांची गोष्ट नव्हती. कोण कुणाचा मालक, याची होती. या पेठांमधल्या सुशिक्षितांनी ते पुस्तक तेव्हा बाजूला सारलं. आपल्या घरात ते पहिल्यांदा तुझे बाबा घेऊन आले, आणि ते आपल्या शेल्फावर उघडपणे ठेवायला मलाही मोठेपणीच सुचलं.

आता तुझा दुसरा प्रश्न. तो शिपाई तुला आवडायला लागला, याची लाज बाळगू नकोस. नाना फडणीसांची आई हरवते तिथे माझा गळा दाटतो, आणि ते मी थांबवणार नाही. लेकीच्या खोकल्याची काळजी खोटी नव्हती. त्याची माया खरी होती म्हणूनच त्याचा अपराध अधिक जड आहे. मूल म्हणजे काय, मुलापासून तुटणं म्हणजे काय, हे त्याला पुरेपूर कळत होतं. ज्याला कळत नाही त्याला एखादे वेळी सोडून देता येतं. याला कळत होतं, आणि त्याने ते कळणं आपल्या दारापुरतं ठेवलं. नानासाहेबांना, भाऊसाहेबांना, आपल्या त्या कारकून पूर्वजालाही मी हेच माप लावते.

म्हणून पत्रं फाडायची नाहीत, लपवायची नाहीत आणि नुसती मोत्यांसाठीही वाचायची नाहीत. आम्ही मोडीवाले जुना कागद उतरवतो तेव्हा मागे सूची करतो. तीत पेशवे, सरदार, गावं, नद्या, किल्ले सगळं येतं. कुणबिणी मात्र बहुतेक वेळा ‘किरकोळ’ किंवा ‘जमाखर्च’ यांत जातात. गेल्या काही महिन्यांपासून मी माझ्यापुरती रीत बदलली आहे. कागदात कुणबिणीचं नाव असेल तर ती सूचीत स्वतंत्र ओळ. नाव नसेल तर ‘कुणबीण, नाव नाही’ अशी ओळ, गाव आणि साल देऊन. मोडी शिकणाऱ्या मुलांनाही मी हेच सांगते.

तूही तिथे तेच कर. त्या शिपायाबरोबर गेलेल्या स्वयंपाक्याचं नाव पत्रात आलं आहे असं तू लिहिलंस. भाड्याने द्यायच्या पोराचंही आलं आहे. ती दोन्ही नावं शिपायाच्या नावाइतक्याच टाइपात, स्वतंत्र नोंदी म्हणून सूचीत घाल. ग्रंथालयातल्या लोकांना विचारून घे, बहुधा ते हो म्हणतील. स्वातंत्र्य मिळाल्यावर तिकडच्या हजारो माणसांनी हरवलेल्या आई-बापांच्या, भावंडांच्या शोधासाठी वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या होत्या. त्यांचे पणतू-खापरपणतू आजही अशा सूच्या चाळत बसतात. उद्या त्यांच्यापैकी कुणी ते नाव शोधत आलं, तर त्याला ते तुझ्या सूचीत सापडलं पाहिजे. पुढचं पत्र हाती घेण्याआधी एवढं काम पुरं कर आणि मला कळव.

तुझी,
आत्या